वाटेतलं शिलाई मशीन

३ फेब्रुवारी

आज हिला घरी आणलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या दोघा शिक्षकांनी खुर्चीसकट उचलून वर आणली. ही म्हणाली, "कपाट चढवल्यासारखी चढवताय. दारात अडकवू नका म्हणजे झालं." जीभ अजून जड आहे, पण धार तशीच. ते दोघे हसले, हसताना खुर्ची एका बाजूला कलली. दोघांना तिथेच झापलं.

नवा विद्यार्थी आला की मी पहिल्या दिवसापासून त्याच्याबद्दल लिहून ठेवतो. क्लच कसा सोडतो, आरशात बघतो का, घाबरला की स्टिअरिंग आवळतो की सोडून देतो. जन्मभराची सवय. आता विद्यार्थिनी एकच आणि तीही घरातली, म्हणून विमा एजंटने दिलेली ही डायरी काढली. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या पाठीवर एल पण लावा."

दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, झटक्यातून वाचल्या, आता पडण्यापासून जपायचं. डावा हात आणि डावा पाय अर्धेच जागे आहेत, तोल कधीही जाऊ शकतो. या अवस्थेत खुब्याचं हाड मोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एवढं मी नीट ऐकलं. पुढे ते हालचाल, सराव असं बरंच काही सांगत होते, ते कागदावर लिहिलेलं आहे.

मी ठरवून टाकलंय, ही पडणार नाही. माझ्या शेजारी बसून आजवर एकाही विद्यार्थ्याने गाडी ठोकलेली नाही, कारण माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो.

५ फेब्रुवारी

शिकवायची जुनी गाडी भंगारात दिली तेव्हा तिचे सीटबेल्ट काढून ठेवले होते. तेव्हा ही म्हणाली होती, घरात विमान उडवणार आहात का. आज त्यातलाच एक पट्टा हिच्या कमरेला बांधला, बकलसकट. मागून मी घट्ट धरतो आणि ही चालते. फेकण्यासारखी वस्तू जगात नसते, हे हिला आता तरी पटावं.

झोपायच्या खोलीतून निघालं की पॅसेज सरळ जातो आणि मग डावीकडे वळतो. वळणापलीकडे उजव्या भिंतीला हिचं शिलाई मशीन आहे, लोखंडी पायांचं, हिच्या आईकडून आलेलं. त्याच्या पुढे बाथरूम. मशीनपाशी एकच माणूस जाईल एवढी वाट उरते, त्यामुळे तिथे मला अंग चोरून हिच्या मागे यावं लागतं. ही म्हणाली, "मागे ओढू नका हो. मी बैल आहे का?" मी ओढत नव्हतो, नुसता ताण ठेवला होता.

७ फेब्रुवारी

फिजिओ आजपासून यायला लागली. मुलगीच आहे, आमच्या लेकीपेक्षा लहान. आल्या आल्या हिच्यासमोर जमिनीवर बसली आणि विचारलं, "काकू, तुम्हाला सगळ्यात आधी काय जमायला हवंय?"

मला वाटलं ही म्हणेल, डावा हात उचलता यावा, पुन्हा मशीनवर बसता यावं. ही म्हणाली, "संडासला एकटीने जायचंय. दार लावून."

मी हसलो. मुलगी हसली नाही. मी म्हटलं, "त्यात काय एवढं, मी आहे की."

"तुम्ही आहात म्हणूनच," ही म्हणाली.

मुलगी म्हणाली, "जमेल काकू. वेळ लागेल, पण जमेल. आपण त्याच्यावरच काम करू." तिला जमेल म्हणायला काय जातंय. पडल्यावर उचलायचं मला आहे.

मग तिने सगळं घर फिरून पाहिलं. पायपुसणी उचला, वायरी भिंतीला लावा, बाथरूमला जास्त उजेडाचा बल्ब लावा, चालायच्या वाटेत पायात येईल असं काही नको. मशीनपाशी थांबूनही ती काहीतरी म्हणाली. तेव्हा मी स्टुलावर चढून बल्बचा होल्डर बघत होतो, त्यामुळे अर्धवट ऐकलं. ती जायच्या आत निम्मी कामं उरकली. बाथरूमच्या दाराची आतली कडीही काढून टाकली, ही आत अडकून पडली तर दार फोडत बसायला नको.

११ फेब्रुवारी

हिला आत बसवून मी बाहेर उभा राहतो. दार थोडं उघडं ठेवतो. हिला एकटं वाटू नये म्हणून बोलत असतो, आज कोणी गाडी फुटपाथवर चढवली, कोणाची टेस्ट आहे वगैरे. ही आतून म्हणाली, "तुम्ही बोलत असलात की होत नाही मला." गप्प झालो. थोड्या वेळाने म्हणाली, "गप्प उभे असलात की तर अजिबातच होत नाही." बायकोला खूश ठेवायची युक्ती अजून कोणी काढलेली नाही.

ही गंमत लेकीला फोनवर सांगितली. ती हसली नाही. "बाबा, आईला थोडं एकटं सोडत जा," म्हणाली. परगावी बसून सल्ले द्यायला काही लागत नाही.

१८ फेब्रुवारी

फिजिओने व्यायाम घेता घेता विचारलं, "काका, तुम्ही अख्ख्या गावाला गाडी शिकवलीत, काकूंना नाही शिकवली?" मी तोंड उघडायच्या आत ही सुरू झाली.

"शिकवली ना, एक दिवस. मी गाडी सुरू केली की यांचा ब्रेक. परत सुरू केली की परत ब्रेक. शेवटी मी उतरले आणि चालत घरी आले."

"समोरून सायकलवाला येत होता," मी म्हटलं.

"सायकलवाला पार त्या टोकाला होता. आणि मी चालत निघाले तर हे गाडी घेऊन माझ्या मागे मागे, हॉर्न वाजवत. लोक बघायला लागले, नवरा-बायकोचं भांडण आहे की वरात आहे."

दोघी इतक्या हसल्या की हिला ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं. हिला धीर नाही, एवढंच त्या गोष्टीवरून दिसतं. चार दिवस थांबली असती तर शिकली असती.

२४ फेब्रुवारी

ड्रायव्हिंगच्या शाळेत लायसन्सच्या टेस्टचे दिवस आले आहेत, मला सकाळी जाणं भाग आहे. आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई आहे, बऱ्याच वर्षांची, विश्वासू. मी येईपर्यंत तिने हिच्याजवळ थांबायचं असं ठरवलं. दोघींना नियम समजावून सांगितला: मी परत येईपर्यंत ही पलंगावरून उठणार नाही. निघायच्या आधी मी बाथरूमला नेऊन आणीन, आल्यावर पुन्हा नेईन. मध्ये लागलीच तर भांडं ठेवलेलं आहे.

"हो मास्तर," बाई म्हणाली. ही काहीच बोलली नाही, म्हणजे पटलेलं दिसतंय.

१ मार्च

बाई हल्ली कामात फार वेंधळेपणा करते. मशीनवर हिने स्वतः भरतकाम केलेलं कापड असतं. रोज घरी यावं तर ते एका कोपऱ्याने खाली ओढलेलं. मी सरळ करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खोलीतली खुर्ची दाराजवळ आणून ठेवलेली असते, ऐन वाटेत. बाईला म्हटलं, झाडताना बघत जा जरा. तिने मान हलवली. ही पलंगावरून म्हणाली, "तिला बोलू नका हो. कापडच गुळगुळीत आहे."

हिची भूक मात्र वाढली आहे. चेहऱ्यावर टवटवी आली आहे. मी शाळेतून आलो की मला म्हणते, "आलात? जरा बसा, दमला असाल." बाथरूमला न्यायची घाई पूर्वीसारखी करत नाही. माझी शिस्त अंगवळणी पडायला लागली म्हणायची.

५ मार्च

फिजिओने आज हिला उभं करून सगळ्या बाजूंनी तपासलं. एका पायावर भार द्यायला लावला, वळायला लावलं. म्हणाली, "काका, इतक्या लवकर एवढा तोल येईल असं मला वाटलं नव्हतं. रोज किती चालवता?" मी म्हटलं, पट्ट्याची कमाल आहे, मी रोज दोनदा नेतो. ती हिच्याकडे बघून हसली, हीही हसली. मला बरं वाटलं. इतके दिवस मानगुटीवर बसलेली काळजी जरा उतरली.

मुलगी म्हणाली, आता पट्टा जरा सैल धरायला हरकत नाही. मी हो म्हटलं. पण घाटात कोणी ब्रेकवरचा पाय काढतो का.

१० मार्च

आज फार मोठा अनर्थ टळला.

टेस्ट रद्द झाली म्हणून मी लवकर घरी आलो. पलंगावर ही नाही. पॅसेजमध्ये गेलो तर बाई वळणावर भिंतीला पाठ लावून उभी, हात बांधून, नुसती बघत. बाथरूमचं दार लोटलेलं. ही आत. पट्टा खोलीत खुंटीवर लटकतोय.

मी दार ढकलून आत गेलो. ही बसलेली होती. माझ्याकडे पाहिलं आणि पदराने गुडघे झाकून घेतले. परक्या माणसासमोर झाकावेत तसे.

बाईला विचारलं, हिला पट्ट्याशिवाय कशी आणलीस. ती खाली बघत म्हणाली, "मी नाही आणलं मास्तर." मग काय चालत आली? म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. हिशेब करून तिथल्या तिथे मोकळी केली.

ही पलंगावर बसून म्हणाली, "तिची काही चूक नाही. मी गेले. माझी मी. रोज जाते."

मी हिचा स्वभाव ओळखून आहे. दुसऱ्याचं नुकसान होतंय म्हटलं की सगळं स्वतःच्या अंगावर घेणारी. शाळेत असतानासुद्धा मैत्रिणीसाठी छड्या खाल्ल्यात हिने. बाईची नोकरी वाचवायला आज एवढं मोठं खोटं बोलली. मन मोठं आहे हिचं.

"थांबा, दाखवते," म्हणाली आणि उठायला लागली. मी खांदे धरून खाली बसवली. म्हटलं, दाखवायची हौस हाड मोडल्यावर फिटेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे तोंड करून पडली आणि जेवायला उठली नाही.

११ मार्च

शाळा पूर्णपणे दोघा शिक्षकांवर सोपवली. आता मी दिवसभर घरी. कुणावर भरवसा ठेवायचा म्हणजे असं होतं. धुणंभांडी, केर, सगळं मीच केलं. कपबशी फुटली एक. एरवी हिने त्यावर आठवडाभर पुरेल एवढं ऐकवलं असतं, आज बघितलंसुद्धा नाही.

१६ मार्च

हिला काही म्हणजे काही करावं लागू देत नाही. केस मी विंचरतो, भरवतो मी, कूस बदलतानाही हात लावतो. तळहातावरच्या फोडासारखी जपतोय. तरी हिचा चेहरा उतरलेलाच. दोनदा अंथरुणातच झालं. मी म्हटलं, अगं हाक मारायची ना, मी इथेच तर आहे. म्हणाली, "कंटाळा आला हाक मारायचा."

१९ मार्च

फिजिओ नाराज. डावा पाय पुन्हा जड पडलाय म्हणाली. "काका, काय बदललं मधल्या काळात?" मी म्हटलं, उलट आता मी चोवीस तास घरी आहे. ती हिच्याकडे वळली, पण हिने भिंतीकडे तोंड केलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाली, "तुम्ही जरा कमी करा, काका. जवळ उभे राहा, पण हात लावू नका. त्यांना पडायची भीती नाही, तुम्हाला आहे."

शब्द लागले मनाला. भीती वाटते तर वाटते. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता ही जमिनीवर कोसळली तेव्हा ही मुलगी तिथे नव्हती, मी होतो. पुन्हा तो आवाज मला ऐकायचा नाही.

पण तिचंही मन राखायला हवं. सांगितलेलं सगळं मी केलं का, ते आठवून पाहिलं. पायपुसणी, वायरी, बल्ब झालं. वाट मोकळी करायची तेवढी राहिली आहे. ते मशीन.

२३ मार्च

दुपारी ही झोपलेली असताना शाळेतले दोघे आले आणि आवाज न करता मशीन उचलून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. पाऊसपाणी लागू नये म्हणून वर प्लॅस्टिक बांधलं. पॅसेज केवढा मोठा दिसायला लागला. भिंतीवर मशीनच्या आकाराचा पांढरट डाग तेवढा राहिलाय, रंग दिला की जाईल. आता मी हिच्या मागे नाही, शेजारी चालू शकेन. आज ही भांड्यावरच भागवते आहे, पॅसेजमध्ये आलेली नाही, त्यामुळे हिला अजून कळलेलं नाही. उद्या फिजिओ यायची आहे, तेव्हा दोघींना एकदमच दाखवीन.

२४ मार्च

ही पडली.

सकाळी औषधाची पिशवी खाली गाडीत राहिली होती, तेवढी आणायला उतरलो. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने गाठलं, त्याला मुलीच्या लायसन्सबद्दल विचारायचं होतं. मी सांगत बसलो. आवाज आला तेव्हाही क्षणभर वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरात काही पडलं असेल.

वळणापलीकडे जमिनीवर पडली होती. उजवा हात त्या भिंतीकडे लांब केलेला. भिंतीवर काहीच नव्हतं धरायला. ओरडत नव्हती, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मशीन, मशीन." वेदनेत माणूस काय बोलेल सांगता येत नाही. मी म्हटलं, आहे गं, गॅलरीत आहे, नीट झाकून ठेवलंय. तिने डोळे मिटले.

खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन.

२७ मार्च

ऑपरेशन झालं. लेक आली आहे. ही गुंगीत आहे. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण झटक्यानंतरचा पाय आहे, किती चालतील ते आत्ता सांगू शकत नाही. लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही असताना कशी पडली?" मी म्हटलं, मी खाली गेलो होतो, तेवढ्यात. मी सांगून ठेवलं होतं, उठू नकोस म्हणून. तिला वेगळं काही म्हणायचं होतं का, कळलं नाही.

३० मार्च

आज घडलं ते लिहायचं धाडस होत नाही, पण लिहितो.

हिचे कपडे न्यायला घरी आलो होतो. दारात बाई उभी. ऐकलं म्हणून आली होती, डोळे सुजलेले. मी आत ये म्हटलं. कपडे काढून देते म्हणत ती पुढे गेली आणि पॅसेजच्या वळणावर थबकली.

"मास्तर, मशीन कुठे गेलं?"

मी सांगितलं. ती भिंतीला धरून खालीच बसली.

"ताई त्यालाच तर धरायच्या," म्हणाली. "पलंगापासून खुर्ची, खुर्चीपासून भिंत, वळण आलं की मशीन. तिथे तर बघायच्यासुद्धा नाहीत, हात आपला आपण जायचा. येताना समोरच्या भिंतीतल्या खिडकीचे गज. मी नुसती उभी राहायचे. हात लावू द्यायच्या नाहीत मला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"ताईंनी सांगितलं की तुम्हाला. माझ्यासमोर सांगितलं."

सांगितलं होतं. दाखवते पण म्हणाली होती. मी तिचे खांदे धरून तिला खाली बसवलं आणि वर तिचं कौतुकही केलं, मन मोठं म्हणून. त्या सगळ्या सकाळी मी शाळेत पोरांना आरशात बघायला शिकवत होतो, आणि माझी बायको घरी माझ्या पाठीमागे चालायला शिकत होती. शिकली होती. मी तिच्या हाताखालून आधार काढून घेतला आणि गॅलरीत प्लॅस्टिकखाली झाकून ठेवला.

मला माझी लाज वाटते. याहून दुसरा शब्द सापडत नाही.

४ एप्रिल

दवाखान्यात हिच्या उशाशी बसलो होतो. म्हटलं, बाईने सगळं सांगितलं. ही छताकडे बघत होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"असू दे," ही म्हणाली. "पाणी द्या."

ती भांडली असती तर मला बसता आलं असतं तिथे. पाणी देऊन मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

१९ एप्रिल

घरी आणलं. पुन्हा तेच दोघे, तीच खुर्ची. या वेळी कुणी काही बोललं नाही. बाईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवून तिला परत बोलावलं. मशीन आधीच जागेवर आणून ठेवलंय, भिंतीवरच्या डागाला बरोबर लावून. हिला तिथून नेताना ही त्याच्याकडे बघते का, मी पाहत होतो. डोळे मिटलेले होते.

२५ एप्रिल

फिजिओ आली. तपासलं, व्यायाम सुरू केले. ही सगळं निमूटपणे करून घेते. पाय उचला म्हटलं की उचलते, सोडा म्हटलं की सोडते. उभं राहायचं म्हटलं की मात्र सगळं अंग ताठ होतं, नखं माझ्या दंडात रुततात.

मुलगी निघाली तेव्हा जिन्यापर्यंत गेलो आणि विचारलं, "पहिल्या दिवशी तू मशीनपाशी थांबून काय म्हणाली होतीस?"

तिने पायातल्या बुटांची लेस सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "आठवत नाही, काका. बरेच दिवस झाले." तिला आठवत नाही, बरंच झालं. मीही पुन्हा विचारणार नाही.

१२ मे

हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, वॉकर घेऊन चालायला आता हरकत नाही, जवळ माणूस असावं. फिजिओ म्हणते, पायात आता तेवढी ताकद आहे. पण दोन आठवडे झाले, ही उठत नाही.

म्हणून आज मी आणि बाईने ठरवून केलं. पूर्वी जसा सकाळी जायचो तसा निघालो. शर्ट इस्त्रीचा, हातात किल्ल्या. खुर्ची दाराजवळ ठेवली. पट्टा मी कालच कात्रीने कापून कचऱ्यात टाकला होता, ते हिला सांगितलं. म्हटलं, शाळेत जाऊन येतो, उशीर होईल. बाई वळणावर जाऊन उभी राहिली, हाताच्या अंतरावर, पूर्वीसारखी. मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात पायरीवर बसलो.

इतकं कान देऊन मी इंजिनसुद्धा कधी ऐकलेलं नाही. आतून खुर्ची सरकल्याचा, वॉकर टेकल्याचा काहीतरी आवाज येईल असं वाटत होतं. मनात म्हणत होतो, ऊठ. पडलीस तरी चालेल, ऊठ. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता, तो मध्येच बंद झाला. तरी काही नाही.

दार उघडलं ते बाईने. "मास्तर, ताई उठत नाहीत. तुम्हाला बोलावतात. रडतायत."

आत गेलो. पलंगाच्या कडेला बसली होती, पाय जमिनीला टेकलेले, उजव्या हाताने गादी आवळून धरलेली. मला बघितल्यावर म्हणाली, "कुठे गेला होता? मला टाकून जात जाऊ नका."

माझी ही अशी बोलणारी नव्हती. आमच्या सगळ्या संसारात, मी गावाला जायचो तेव्हासुद्धा, "या निवांत" एवढंच म्हणायची. मी जवळ गेलो, नुसता हात पुढे केला, तिने धरला तर धरावा म्हणून. तिने दोन्ही हात, तो अधू हातसुद्धा, माझ्या गळ्यात टाकले आणि सगळा भार माझ्यावर दिला. पूर्वी पट्टा बांधलेला असतानाही ती माझ्यापासून चार बोटं लांब चालायची. आज तशीच उचलत, ओढत मी तिला नेलं. बाईने तोंड वळवलं.

बाथरूममध्ये बसवली. मी बाहेर आलो आणि दार लावायला लागलो, पूर्ण, फट न ठेवता.

"लावू नका," ती म्हणाली. "आत या. इथेच थांबा."

मी आत गेलो. तिने माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरलं आणि काम होईपर्यंत सोडलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तिने सांगितलं, "बोला काहीतरी." मी टेस्टला कोण कोण आहे ते सांगत राहिलो.